दुधीचा रस आणि समाजमाध्यमांतील आहारसल्ले

सकाळी उपाशीपोटी पेलाभर दुधीचा रस घ्यावा. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आटोक्यात राहतात, अशा आशयाचे संदेश समाजमाध्यमांतून वरचेवर फिरत असतात. दुधी ही पथ्याची, पचायला हलकी भाजी. त्यामुळे या सल्ल्यात काही धोका असेल, अशी शंकाही कुणाला येत नाही. प्रत्यक्षात या रसाने माणसे दगावली आहेत.

२०१० मध्ये दिल्लीत दुधी व कारल्याचा एकत्रित रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली. २०१८ मध्ये पुण्यातही दुधीचा रस प्यायल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाला.

विष कशात?

दुधी, काकडी, भोपळा, कारले या एकाच कुळातील वेली. कीटक व प्राण्यांपासून बचाव व्हावा म्हणून त्यांच्यात 'कुकरबिटासिन' या गटातील कडू द्रव्ये तयार होतात. खाण्यासाठी लावल्या जाणाऱ्या दुधीत ती नगण्य असतात. मात्र एखादे फळ कडू निघते आणि ते बाहेरून ओळखता येत नाही. असा रस पोटात गेल्यावर काही वेळातच मळमळ, पोटदुखी, उलट्या, जुलाब सुरू होतात. काहींना रक्ताची उलटी होते, रक्तदाब घसरतो. यावर उतारा नाही. सलाइन व लक्षणांनुसार उपचार एवढेच डॉक्टरांच्या हाती असते.

कडू ते औषधी?

कडू म्हणजे गुणकारी, हा आपला जुना समज येथे घातक ठरतो. कारल्याचा कडूपणा स्वाभाविक असतो, दुधीचा कडूपणा हा धोक्याचा इशारा असतो. आले, लिंबू, पुदिना किंवा कारल्याचा रस मिसळला की हा इशाराच झाकला जातो. भाजीत कडू फोड तोंडात येताच आपण ताट बाजूला सारतो. रस मात्र नाक दाबून एका दमात पितो.

म्हणूनच तज्ज्ञ समितीने सांगितलेली काळजी साधी आहे. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखावा. तो कडू लागल्यास थुंकून टाकावा आणि अख्खा दुधी फेकून द्यावा. दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नये. रस प्यायल्यावर अस्वस्थ वाटल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

सल्ला पारखताना

आहाराचा कोणताही संदेश वाचताना काही प्रश्न विचारावेत. सल्ला कोणी दिला? प्रमाण किती? कोणी घेऊ नये, हे सांगितले आहे का? चालू औषधे बंद करण्यास सुचवले आहे का? एकच पदार्थ अनेक व्याधींवर रामबाण असल्याचा दावा आहे का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक १७ मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली; त्यांचा भर विविध अन्नघटकांच्या संतुलित आहारावर आहे. संदेश पुढे पाठवणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. परंतु आपली औषधे आणि आपल्या तपासण्या त्याला ठाऊक नसतात. त्या ठाऊक असलेल्या डॉक्टरांना विचारूनच आहारात बदल करणे हिताचे.