पेडणे-डिचोलीचा आंबा : निवड आणि वारसा

पेडणे व डिचोली या महालांत आंब्याच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत : कलमी आणि रायवळ. पहिलीची कीर्ती सर्वत्र आहे. दुसरीचे ऋण मात्र क्वचितच मानले जाते.

आंब्याच्या मोहोरावर माश्या व इतर कीटक परागांची देवघेव करतात. त्यामुळे उत्तम फळाची कोय रुजविली तरी तेच फळ पुन्हा मिळेल अशी शाश्वती नसते; रंग, रेषा, गोडी यांची मांडणी प्रत्येक रोपात नव्याने होते. असंख्य रोपांतून एखादेच असामान्य निघते. ते हेरणे ही निवड, आणि ते टिकविणे हे कलमाचे कार्य. भेटकलमात कुंडीतील खुंट मातृवृक्षाच्या फांदीशी नेऊन, दोन्ही तासून एकत्र बांधतात. सांधा जुळला की फांदी मूळ झाडापासून विलग करतात. या रीतीने एकाच वृक्षाचे गुण पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे राहतात.

गोव्यात या कलेस जेझुइट पाद्र्यांनी चालना दिली. हापूस, मुसराद, फर्नांदिन, मानकुराद अशी नावे त्या पोर्तुगीज काळाची साक्ष देतात. मानकुरादाचे नाव 'फिक्या रंगाचा' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आले, असे मानतात. रंगात उणे ठरलेले फळ रसिकांनी गोडीसाठी राखले. २०२३ साली त्यास भौगोलिक मानांकनही लाभले. पेडणे व डिचोली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आले. तिसवाडी, बारदेश व साष्टीत कलमांचा आरंभ त्यापूर्वीच झाला होता.

पुढे निवडीस हेतुपूर्वक संकराची जोड मिळाली. पेडण्याच्या सीमेपलीकडील वेंगुर्ले येथील संशोधन केंद्रात नीलम व हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' सिद्ध झाला. हापुसास ग्रासणारा साका त्यात नाही. रत्नाचा पुन्हा हापुसाशी संकर करून १९९२ मध्ये अत्यंत पातळ कोयीचा 'सिंधू' प्रसारित झाला.

तथापि कलम नवा गुण निर्माण करीत नाही. ते केवळ जतन करते. नव्या रोगास अथवा बदलत्या हवामानास तोंड देणारा गुण उद्या शोधावयाचा झाल्यास तो रायवळ झाडांतच शोधावा लागेल. बांधकामासाठी असे एक झाड तोडले जाते तेव्हा कोठेही दुसरी प्रत नसलेले हस्तलिखित नष्ट होते. ग्रंथांचे मोल जाणणाऱ्या सभासदांनी आपापल्या गावच्या नामांकित रायवळ झाडांची नोंदवही या वाचनालयात ठेवावी. शताब्दीस याहून उचित संकल्प कोणता?