एकाच लहरीवर दोन प्रवासी : आरडीएसचा इतिहास

१/८ मोटारीतील एफएम रेडिओच्या पडद्यावर केंद्राचे नाव उमटते. तेथे इंटरनेट नाही, उपग्रहही नाही. मग ही अक्षरे येतात कुठून? गाणे वाहून आणणाऱ्या लहरीवरूनच! या सोयीमागे पश्चिम युरोपातील दशकभराची खटपट आहे. #धागा

२/८ १९७० च्या दशकात तेथे एकच कार्यक्रम वेगवेगळ्या प्रक्षेपकांवरून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर लागत असे. गाडी एका प्रक्षेपकापासून दूर गेली की आवाज विरे आणि चालकाला धावत्या गाडीत बटण फिरवत बसावे लागे.

३/८ पश्चिम जर्मनीने १९७४ मध्ये ‘एआरआय’ योजना आणली. वाहतुकीच्या सूचना देणारे केंद्र रेडिओला ओळखता यावे, म्हणून ५७ किलोहर्ट्झवर एक खूण प्रसारित होई. मात्र तिच्यातून मजकूर पाठवता येत नसे.

४/८ ५७ च का? स्टिरिओ एफएममध्ये ध्वनीचा मुख्य भाग १५ किलोहर्ट्झपर्यंत असतो, १९ वर मार्गदर्शक स्वर आणि २३ ते ५३ मध्ये डाव्या-उजव्या ध्वनीतील फरक. त्यावरची जागा मोकळी होती. शिवाय ५७ म्हणजे १९ ची नेमकी तिप्पट.

५/८ युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९८० व १९८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न-इंटरलाकेन परिसरात निरनिराळ्या पद्धतींची चाचणी घेतली. डोंगरांवर आपटून लहरी परततात, तेथेच खरी कसोटी! स्वीडनची पद्धत पायाभूत मानून १९८४ मध्ये ‘आरडीएस’चा आराखडा प्रसिद्ध झाला.

६/८ पेच मात्र वेगळाच होता. लोकांनी विकत घेतलेले एआरआय संच निकामी होऊन चालणार नव्हते. म्हणून नवी माहिती त्याच ५७ किलोहर्ट्झवर, पण पाव आवर्तनाच्या अंतराने आणि मूळ वाहक लहर दाबून पाठवली गेली. दोघे एकाच जागी राहिले, परस्परांच्या आड आले नाहीत.

७/८ या संयमाची किंमत होती वेग : सेकंदाला अवघे ११८७.५ बिट. १०४ बिटांच्या प्रत्येक गटात ६४ बिट माहितीचे, ४० चूक पकडण्याचे. केंद्राचे आठ अक्षरी नावसुद्धा दोन-दोन अक्षरांनी, चार गटांत पोहोचते.

८/८ तेवढ्यावर मूळ प्रश्न सुटला. कार्यक्रमाची ओळख आणि पर्यायी फ्रिक्वेन्सींची यादी हाती आल्याने रेडिओ आपणहून सशक्त प्रक्षेपकाकडे वळू लागला. आणि जुने एआरआय? जर्मनीत ते २००५ पर्यंत आरडीएसच्या शेजारी नांदले.