युद्धमृत पूर्वजांचा शोध

युद्धमृत पूर्वजांचा शोध : युद्धात कामी आलेल्या पूर्वजाचे नाव, पलटण, मृत्यूचे ठिकाण व स्मारक यांचा पुराव्यांच्या आधारे घेतलेला मागोवा. महाराष्ट्रात त्याची प्रमुख साधने दोन : मध्ययुगीन वीरगळ आणि विसाव्या शतकातील लष्करी नोंदी.

वीरगळावर सामान्यतः खालच्या चौकटीत युद्धप्रसंग, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा व वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा कोरलेली असते. बहुसंख्य वीरगळ लेखविरहित असल्याने मरण कसे आले ते कळते. मात्र वीराचे नाव अज्ञात राहते.

आधुनिक नोंदींच्या बाबतीत तेर (प्राचीन तगर, जि. धाराशिव) हे गाव बोधप्रद आहे. १९४८ पर्यंत ते हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) येथील सैनिक संस्थानी सैन्यात होता की ब्रिटिश हिंदी सैन्यात, हे प्रथम ठरवावे लागते. हैदराबादचे संस्थानी घोडदळ ईजिप्त व पॅलेस्टाइन आघाडीवर होते. दिल्लीचे तीन मूर्ती स्मारक (१९२२) त्याचीही आठवण जपते. मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा पडले, तेव्हा १०३, ११० व ११७ या मराठा पलटणींचे सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले व त्यांतील पुष्कळ तेथेच मरण पावले.

नोंदी शोधताना स्थलनामांतील बदल ध्यानी घ्यावे लागतात. जुन्या इंग्रजी लेखनात तेरचे रूप ‘थैर’ असेही आढळते. जिल्ह्याचे पूर्वीचे नाव नळदुर्ग. पुढे तो उस्मानाबाद व २०२३ पासून धाराशिव म्हणून ओळखला जातो.

मृतांच्या नोंदींचे काम १९१७ मध्ये स्थापन झालेल्या आयोगाकडे (सध्याचा राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग) आहे. फ्रान्समधील नव्ह-शापेल स्मारकावर (१९२७) ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत. बसरा स्मारकावर (१९२९) मात्र सामान्य भारतीय शिपायांची नावे न कोरता केवळ पलटणवार संख्या दिली गेली. तेथील शिपायाचा शोध त्यामुळे शिलालेखावर न थांबता नोंदवहीपर्यंत न्यावा लागतो. पलटण, सैनिक क्रमांक, पित्याचे नाव व गाव यांचा मेळ बसल्याखेरीज नामसाम्यावरून ओळख निश्चित करता येत नाही. किमान १,१६,००० मृतांचे, विशेषतः आफ्रिकी व मध्यपूर्वेतील आघाड्यांवरील सैनिक व कामकऱ्यांचे, नावानिशी स्मरण झालेले नसावे, असे आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने मान्य केले. अशा कुटुंबांच्या बाबतीत नोंद न सापडणे हा पूर्वज युद्धात नव्हता याचा पुरावा ठरत नाही.