एक फोल्डर सापडेना, आणि प्रकरणाची सुरुवातच बदलली

आपल्या विषयाचा काळ नेमका कुठून धरायचा, हा प्रश्न पीएचडीच्या पहिल्या वर्षी फार किरकोळ वाटतो. मलाही वाटला होता. लिनक्सवरच्या गेमिंगचा इतिहास लिहिताना मी पहिलंच वाक्य ठोकून दिलं : ‘२०१८ साली वाल्व्ह कंपनीने प्रोटॉन आणलं आणि विंडोजचे गेम लिनक्सवर चालू लागले.’ हे वाक्य चुकीचं आहे, हे मला एका छोट्याशा ॲपने दाखवलं.

‘एलिट डेंजरस’ हा २०१४ चा अंतराळ-व्यापाराचा गेम. त्याची लिनक्स आवृत्ती कधीच निघाली नाही. तो प्रोटॉनमधूनच चालवावा लागतो. हा गेम खेळताना एक रोजनिशी लिहीत असतो. कुठे उडी मारली, कुठल्या स्थानकावर उतरलात, सगळं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, एका घटनेला एक ओळ. ‘मार्केट कनेक्टर’ नावाचं सोबतीचं ॲप ती रोजनिशी वाचतं आणि खेळाडूंच्या सामायिक माहितीसाठ्याकडे पाठवतं. हे ॲप पायथनमध्ये लिहिलेलं, त्यामुळे लिनक्सवर थेट चालतं. मी ते सुरू केलं, गेमही सुरू होता, पण ॲपला काहीच दिसेना.

कारण ॲपमध्ये नव्हतं, पत्त्यात होतं. रोजनिशी होती स्टीमच्या ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डरात, ३५९३२० या क्रमांकाखाली, एका खोट्या ‘सी ड्राइव्ह’च्या आत. तो पत्ता सेटिंगमध्ये हाताने दिला आणि काम झालं.

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? बघा, तो खोटा सी ड्राइव्ह कोणाची कल्पना? प्रोटॉनची नाही. ती ‘वाइन’ची. वाइनचं काम १९९३ मध्ये सुरू झालं, विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम लिनक्सवर चालावेत म्हणून. १९९४ पासून आलेक्झांद्र जुलियार त्याची धुरा सांभाळतात. १.० आवृत्ती निघाली जून २००८ मध्ये, म्हणजे तब्बल १५ वर्षांनी. मधे २००२ साली परवाना बदलला : कंपन्यांनी कोड घ्यावा आणि सुधारणा स्वतःकडेच ठेवाव्यात, हे थांबवण्यासाठी. प्रोटॉन उभं आहे ते या वाइनवर आणि डायरेक्टथ्रीडीचं व्हल्कनमध्ये भाषांतर करणाऱ्या ‘डीएक्सव्हीके’वर. २०१८ ला माझी गोष्ट सुरू झाली असती, तर २५ वर्षांची मेहनत एका कंपनीच्या खात्यावर जमा झाली असती. वाल्व्हचं काम लहान नाही; पण ते सुरुवातीचं नाही, एवढंच.

याच ॲपमुळे दुसरा प्रश्नही सुचला. सोबतीची सगळीच ॲप्स रोजनिशी वाचत नाहीत. काही ॲप्स थेट चालू गेमच्या मेमरीत डोकावतात. प्रोटॉन प्रत्येक गेमला वेगळी खोली देतं. विंडोजचं असं ॲप दुसऱ्या खोलीत चालवलं, तर त्याला गेम चालू आहे हेच कळत नाही. दोघांना एकाच खोलीत बसवावं लागतं. मार्केट कनेक्टरचं काम फक्त एका पत्त्यावर भागलं, कारण फ्रंटियर कंपनीने रोजनिशीचा नमुना बाहेरच्या प्रोग्रॅमरांसाठी खुला ठेवला होता. म्हणजे ॲप लिनक्सवर चालेल की नाही, याचा अर्धा निर्णय लिनक्सचा विचारही न करता कुठेतरी झालेला असतो. असे निर्णय शोधणं हे आपलं काम.

शेवटी साधनांबद्दल एक सावधगिरी. वाइनच्या कोडमधल्या बदलांच्या नोंदी उघड्या आहेत, आणि त्या मोजण्याचा मोह होतो. पण अनेक वर्षं बदल मुख्य कोडमध्ये घालण्याचा अधिकार एकट्या जुलियार यांच्याकडे होता. गिटमध्ये ‘लेखक’ आणि ‘नोंदवणारा’ असे दोन रकाने असतात. चुकून दुसरा मोजलात, तर शेकडो जणांचं काम एका माणसाने केल्यासारखं दिसेल. आणि पहिला मोजलात तरी, ज्यांनी फक्त चुका शोधून कळवल्या ते दोन्हीकडे दिसणार नाहीत.

माझं पहिलं वाक्य आता १९९३ पासून सुरू होतं. तुमच्या आराखड्यातलं पहिलं साल कोणतं आहे? आज ते काढून बघा, आणि त्याच्या आधी कोण राबत होतं ते स्वतःला विचारा.