‘नवऱ्याचे नाव काय?’

आमच्या सक्करदऱ्यात भोसल्यांचा तलाव जुना, विद्यार्थ्यांची वस्ती त्या मानाने नवी. १९४७ साली जवळच मेडिकल कॉलेज निघाले. पुढे शिक्षणासाठी विदर्भातून येणाऱ्या मुली या भागात खोल्या घेऊन राहू लागल्या. त्यांच्यापैकी एखादी पाळी चुकली म्हणून दवाखान्याची पायरी चढते, तेव्हा प्रकृतीच्या आधी तिला नवऱ्याचे नाव विचारले जाते. ‘लग्न झालेले नाही’ असे उत्तर आल्यावर परिचारिकेचा आवाज कसा बदलतो, हे मी एका दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकले आहे. त्या बाईंना दोष देणे सोपे आहे. परंतु त्यांना हा प्रश्न शिकवला कोणी?

पूर्वी मुली न्हाण येण्याआधीच उजवल्या जात. लग्नाबाहेरची तरुणी म्हणजे बहुधा विधवाच. तिला गुपचूप बाळंत होता यावे म्हणून जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पुढे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ केले, १९७८ साली ते १८ झाले. लग्न लांबले आणि कुमारिकेचे तारुण्यही लांबले. दवाखान्याने मात्र तिच्यासाठी रकाना आखला नाही.

१९२१ साली नागपुरात कमलाताई होस्पेट या बालविधवा परिचारिकेने वेणूताई नेने यांच्यासह मातृसेवा संघ सुरू केला. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले. कमलाताईंना १९६१ साली पद्मश्री मिळाली. कर्व्यांना १९२५ साली प्राध्यापकी सोडावी लागली आणि पुढे ‘समाजस्वास्थ्य’तील लिखाणापायी दंड भरावा लागला. आई होणारीची सेवा आपल्या समाजाला पवित्र वाटली. आई होऊ न इच्छिणारीची नाही.

सरकारही याच वाटेने गेले. १९५२ च्या योजनेला नाव दिले ‘कुटुंबनियोजन’. १९७१ च्या गर्भपात कायद्याने संततिनियमनाचे साधन फसल्याचे कारण मान्य केले, पण फक्त ‘विवाहित स्त्री’साठी. माता, कुटुंब, विवाहित: या तीन शब्दांत वाढलेल्या परिचारिकेने नवऱ्याचे नाव विचारले, तर नवल ते काय?

आता ते शब्द बदलले आहेत. २०२१ च्या दुरुस्तीने ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असा पाठ घातला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेचा हक्क विवाहितेइतकाच मानला आणि घरच्यांची संमती आणा, अशा कायद्याबाहेरच्या अटी घालू नका, असे डॉक्टरांना बजावले. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची संमती आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये पोलिसांना वर्दी आवश्यक आहे. पण गर्भपातासाठी आलेल्या तिने आणि पालकांनी विनंती केल्यास वर्दीत तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असेही न्यायालयाने सांगितले.

न्यायालयाचा निकाल दवाखान्याच्या खिडकीपर्यंत पोचायला मात्र माणूसच लागतो. तेथून शरमेने परतलेली मुलगी घरी जात नाही; ती भोंदूकडे जाते, किंवा तपासणीवाचून दुकानातल्या गोळ्या घेते. आणि यात जिवावर बेतू शकते.

फुल्यांनी आश्रय दिलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत मोठेपणी डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात त्याने रोग्यांची शुश्रूषा केली. आईचे गुपित सांभाळणाऱ्या घराने समाजाला एक वैद्य दिला, हे आजच्या वैद्यांनी ध्यानात ठेवावे.