तळेगावची दक्षिणा आणि वकिलीची वाट



मी वडगावच्या कोर्टात वकिली करतो, म्हणून संपादक मंडळानं माझ्याकडं एक सरळ काम सोपवलं. आपल्या भागातल्या ज्या मुलामुलींना कायदा शिकायचा आहे त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या, निबंध स्पर्धा आणि पुढच्या व्यवसायाच्या वाटा यांची यादी लिहून दे, असा निरोप आला. पण अशी यादी दर वर्षी बदलते आणि स्मरणिका मात्र घराघरांत वीस-वीस वर्षं राहते. म्हणून यादी थोडक्यात देतो आणि जास्त जागा इतिहासाला देतो. या इतिहासाची सुरुवात आपल्या मावळातच झाली. कामशेतहून पुण्याच्या लोकलमध्ये बसलं की कान्हे, वडगाव आणि मग तळेगाव. तिथूनच आरंभ करू.

सेनापती खंडेराव दाभाडे तळेगावी श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत. लांबलांबून शास्त्री यायचे, विद्येप्रमाणे बिदागी घेऊन जायचे. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत त्यांचे चिरंजीव त्र्यंबकराव बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना मारले गेले आणि दाभाड्यांचं वैभव ओसरलं. दक्षिणा मात्र बंद पडली नाही. ती पेशव्यांनी पुण्यात चालू ठेवली आणि पुढं पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात तिचा मोठा सोहळा होऊ लागला. विद्येसाठी सरकारी पैसा देण्याची ही आपल्याकडची जुनी व्यवस्था. पण रांगेत कोणी उभं राहायचं हे जन्मानं ठरत होतं.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. इंग्रजांनी दक्षिणा एकदम तोडली नाही. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, तिचा खर्च दक्षिणेच्या रकमेतल्या एका भागातून चालला. तिथं व्याकरण, न्याय, ज्योतिष यांच्याबरोबर धर्मशास्त्रही शिकवत. धर्मशास्त्राला तेव्हा व्यवहारात किंमत होती, कारण इंग्रजांच्या न्यायालयांत हिंदू वारसा, दत्तक, वाटणी यांवर मत द्यायला शास्त्री नेमलेले असत. म्हणजे कायदा शिकून मिळणारी नोकरी त्या काळीही होती. १८६४ मध्ये ही पदं कायद्यानं रद्द झाली. तोवर मुंबईत १८५५ पासून कायद्याचे वर्ग सुरू झाले होते, आजचं शासकीय विधी महाविद्यालय ते हेच. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं. शास्त्र्यांची जागा एलएल.बी. झालेल्या वकिलांनी घेतली.

दक्षिणेचं बक्षीस होतं

मधल्या काळात एक वाद झाला, तो आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारक मंडळींनी सरकारकडं अर्ज केला की दक्षिणेतला काही पैसा चांगली मराठी पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्यावा. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, या मंडळींत होते. ते स्वतः न्यायखात्यात काम करणारे. सनातनी मंडळी खवळली, पण अर्ज मागं घेतला गेला नाही. त्यातून पुढं दक्षिणा प्राइझ कमिटी आली. पुस्तक लिहा, कमिटीकडं पाठवा, पसंत पडलं तर बक्षीस. आजच्या भाषेत ही लेखन स्पर्धाच होती.

रमण्याची रांग मोडली, असं वाटावं. पण १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून या कमिटीकडं पाठवलं आणि ते नाकारलं गेलं. भोळ्याभाबड्या कुणबी जोडप्याला भिक्षुक कसा लुबाडतो, हा त्या नाटकाचा विषय. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढं युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, अशी तक्रार फुल्यांनी स्वतः नोंदवून ठेवली आहे. हे नाटक छापून यायला शंभरापेक्षा जास्त वर्षं जावी लागली. स्पर्धा सर्वांसाठी खुली आहे असं जाहिरातीत लिहिलं, म्हणजे ती सर्वांपर्यंत पोहोचली असं होत नाही. परीक्षकाच्या खुर्चीत कोण बसलंय हेही पाहावं लागतं.

दक्षिणेचा दुसरा भाग महाविद्यालयांत गेला. हुशार पदवीधरांना ‘दक्षिणा फेलो’ नेमून वेतन देऊ लागले. महादेव गोविंद रानडे असे फेलो होते. ते १८६६ मध्ये एलएल.बी. झाले, १८७१ मध्ये पुण्यात न्यायाधीश म्हणून आले आणि १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्यांच्या चरित्रांत एक गोष्ट येते. कॉलेजात असताना एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करून मराठ्यांचा कैवार घेतला, म्हणून प्रिन्सिपॉल अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली. ज्या मुलाचं पोट शिष्यवृत्तीवर अवलंबून असतं, त्याला स्वतंत्र मत परवडणं किती अवघड, हे यावरून कळतं. रानड्यांनी मत बदललं नाही. पुढं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर त्यांनी ग्रंथच लिहिला.

दार बंद असलेली मुलगी

विश्रामबागेतली ती पाठशाळा वाढत वाढत डेक्कन कॉलेज झाली. या कॉलेजात नाशिकला जन्मलेली, पुण्यात वाढलेली कॉर्नेलिया सोराबजी शिकली. शेवटच्या परीक्षेत ती इलाख्यात पहिली आली. पहिल्या येणाऱ्याला इंग्लंडमध्ये शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. तिला ती नाकारली गेली, कारण एकच, ती मुलगी होती. इंग्लंडमधल्या काही स्त्रियांनी वर्गणी जमवली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्यात होत्या. त्या पैशावर १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला गेली. १८९२ मध्ये तिथली कायद्याची बी.सी.एल. परीक्षा देणारी ती पहिली स्त्री ठरली. पण पदवी हातात पडायला तीस वर्षं लागली, आणि हिंदुस्थानात स्त्रियांना वकिली करण्याचा हक्क १९२३ च्या कायद्यानं मिळाला. ऑक्सफर्डची प्रसिद्ध ऱ्होड्स शिष्यवृत्तीसुद्धा स्त्रियांना खुली झाली ती १९७७ पासून. आज वडगावच्या कोर्टात आपल्या शाळेतल्या मुली काळा कोट घालून उभ्या राहतात, तेव्हा मला हा हिशेब आठवतो.

बडोद्याचे साडेअकरा पौंड

आता पुन्हा दाभाड्यांकडं येतो. गायकवाड घराण्याचा उदय दाभाड्यांच्या पदरी झाला. दमाजी आणि पिलाजी गायकवाड हे सेनापतींचे सरदार. त्यांनी गुजरातेत जम बसवला आणि बडोद्याची गादी उभी राहिली. याच गादीवरच्या सयाजीरावांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकायला दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी मंजूर केले. बदल्यात दहा वर्षं बडोद्यात नोकरीचा करार होता.

१९१६ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. बडोद्यात नोकरी धरली, तर राहायला घर कोणी देईना. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्रानं उसने दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. पुढं १९३५ मध्ये मुंबईच्या विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. तळेगावात बाबासाहेबांचा बंगला आहे. दाभाड्यांच्या गावी जिथं एका वर्णाची रांग लागायची, तिथंच हा बंगला आहे. आपण शाळेत असताना कोणी सहल काढली नाही, आता काढावी.

एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. शिष्यवृत्ती तीन वर्षांची आणि शिक्षण त्याहून मोठं. मधल्या खड्ड्यात मित्राचे उसने पैसे उपयोगी पडले. शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या मुलालाही घरभाडं, पुस्तकं, प्रवास यांसाठी पाठीशी कोणीतरी लागतंच.

पुण्यात कॉलेज आलं तेव्हा

१९२४ पर्यंत पुण्याच्या मुलाला एलएल.बी.साठी मुंबई गाठावी लागे. १९२३ मध्ये इंडियन लॉ सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी आय.एल.एस. लॉ कॉलेज सुरू झालं. ज. र. घारपुरे पहिले प्राचार्य. दोनच वर्षांनी तिथून प्र. बा. गजेंद्रगडकर एलएल.बी. झाले, तेही पूर्वी दक्षिणा फेलो होते आणि १९६४ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. यशवंतराव चंद्रचूडही याच कॉलेजचे. त्यांचं मूळ गाव शेजारच्या खेड तालुक्यातलं कनेरसर. १९७८ ते १९८५ इतका दीर्घ काळ दुसरे कोणी सरन्यायाधीश राहिलेले नाहीत. कॉलेज जवळ आलं की काय घडतं, ते यावरून दिसतं.

आज काय आहे

आज बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत, त्यांची प्रवेश परीक्षा क्लॅट. ग्रामीण आणि गरीब घरच्या मुलांना या परीक्षेसाठी तयार करणारी ‘इडिया’ ही संस्था शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केली. परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मिळते.

सनद घेताना राज्याची बार कौन्सिल हजारो रुपये मागत असे. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. न्यायाधीश व्हायचं असेल तर परीक्षा एमपीएससी घेते, आणि मे २०२५ च्या निकालानंतर त्यासाठी किमान तीन वर्षं वकिली केलेली असावी लागते.

लेखन स्पर्धा विधी महाविद्यालयं वर्षभर घेत असतात. एखाद्या निकालावर टिपण, एखाद्या कायद्यावर निबंध, असं त्यांचं रूप असतं. बक्षिसापेक्षा छापून आलेला लेख जास्त कामाचा, कारण चांगल्या वकिलाकडं उमेदवारी मागताना तो दाखवता येतो. बहुतेक स्पर्धा इंग्रजीत असतात हे खरं. पण १९९८ पासून राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निकालही आता मराठीत येऊ लागले आहेत. स्वच्छ मराठी लिहिणारा वकील आणि अनुवादक यांना काम आहे, आणि बाईंनी आपल्याकडून घोटून घेतलेलं व्याकरण त्या कामाला पुरून उरेल.

मावळाला वकील लागतात ते मुख्यतः जमिनीसाठी. पवना धरण झालं, एक्सप्रेसवे झाला, आता बंगले आणि गोदामं होत आहेत. सातबारा, फेरफार, भूसंपादनाची नोटीस यांत अडकलेला शेतकरी माझ्याकडं येतो तो बहुधा मुदत टळल्यावर. नोटीस घरात पडून असते, ती वाचून अर्थ सांगणारं घरात कोणी नसतं. भातशेतीच्या प्रत्येक वाडीतून एक मुलगा किंवा मुलगी कायदा शिकली, तर हे चित्र बदलेल.

म्हणून या मेळाव्यात माझी एक सूचना आहे. आपल्या तुकडीनं शाळेत एक फळा लावावा. आपल्यापैकी एकानं दर महिन्याला त्यावर तीन गोष्टी लिहाव्यात: कोणती परीक्षा, कोणती शिष्यवृत्ती, शेवटची तारीख. बारावीच्या वर्गाला वर्षातून एकदा वडगावच्या कोर्टात आणायची जबाबदारी मी घेतो. आणि ज्याला प्रवेश मिळेल, त्याच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांसाठी आपण वर्गणी काढू. मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर नावं लिहून घ्यायला मी वही घेऊन बसणार आहे.