नळाच्या वॉशरवरचा रेडिओ

पहिला हॅम रेडिओ घ्यायचा म्हटलं की सगळे आधी किंमत आणि आकार बघतात. मी आधी इतिहास चाळला.

2003 साली हैदराबादच्या अशर फरहान यांनी ‘बिटएक्स’ या ट्रान्सीव्हरचं, म्हणजे बोलणं-ऐकणं एकाच यंत्रात करणाऱ्या सेटचं, डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं. परदेशी सेट महाग. म्हणून त्यांनी दुकानात सहज मिळणारे ट्रान्झिस्टर घेतले आणि कॉइल गुंडाळायला चक्क नळाचे वॉशर! बोलताना आणि ऐकताना फिल्टर तोच वापरला जातो, त्यामुळे भागही कमी लागतात. 2016 मध्ये 7 मेगाहर्ट्झवर चालणारा तयार बोर्ड, ‘बिटएक्स-40’, आला. ताकद जेमतेम काही वॅट; पण या लहरी आयनांबरावरून परततात आणि शेकडो किलोमीटर जातात.

मुठीत मावणारे चिनी सेट स्वस्तच असतात. पण त्यांचा थेट पल्ला साधारण नजरेच्या टप्प्याइतका, आणि बिघडले की बहुतेकदा फेकायचेच. बिटएक्सचं सर्किट मात्र उघड्यावर आहे. सोल्डरिंग येणारा कुणीही ते दुरुस्त करू शकतो.

म्हणून परवाना मिळाला की मी बिटएक्सच जुळवणार. जे आपल्याला उघडून समजून घेता येतं, तेच शेवटी स्वस्त पडतं.